वाळूतला पाया आणि तो उतरविण्याची रीत

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला पायाची चिंता सहसा पडत नाही. उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात उतरून पाहावे, तर काळा पाषाण ठिकठिकाणी उघडा पडलेला दिसतो. पांडवलेणी याच पाषाणात कोरलेली आहेत. शेतातील काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते हे खरे. परंतु तिच्याखाली काही हात खणले की मुरूम लागतो आणि त्याखाली खडक. तेव्हा घर खडकावर बांधणारा शहाणा माणूस व वाळूवर बांधणारा मूर्ख माणूस, हा प्रभूने सांगितलेला दृष्टान्त नाशिकच्या व्यासपीठावरून समजावून सांगणे सोपे जाते. ऐकणाऱ्यांच्या पायाखाली खडक असतो. किनाऱ्यावरील गावांत तोच दृष्टान्त सांगताना मात्र आमची जीभ थोडी अडखळत असे. कारण तेथे ऐकणाऱ्यांची घरे वाळूवरच होती आणि ती माणसे मुळीच मूर्ख नव्हती.

सुमारे वीस वर्षांपूर्वी वरिष्ठांनी आम्हांला अशाच एका किनारी धर्मग्रामात पाठविले होते. तेथील शाळेची कौलारू इमारत मोडकळीस आली होती. तिच्या जागी तीन मजली इमारत बांधण्याचे ठरले. जमीन वाळूची, पाणी हाताच्या अंतरावर. अभियंत्यांनी सांगितले की पाइल घालावे लागतील. पाइल म्हणजे जमिनीत खोलवर उतरविलेला खांब. वरचे ओझे तो खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचवितो आणि वाटेत बाजूच्या मातीच्या घर्षणावरही काही भार सोडतो. कंत्राटदाराने घणाने ठोकून उतरविण्याचे पाइल सुचविले. ते स्वस्त होते आणि लवकर होणार होते. आम्ही सही केली.

काम सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच शाळेच्या कुंपणापलीकडील एका वृद्ध विधवा भगिनीच्या घराच्या भिंतीला तिरकी चीर गेली. कंत्राटदाराचे म्हणणे पडले की भिंत जुनीच होती. त्या भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘फादर, शाळा उभी राहील. पण माझ्या घराखाली आहे तीही तीच वाळू ना?’’

हा प्रश्न आम्ही सही करण्यापूर्वी विचारावयास हवा होता. तो न विचारल्याची बोच मनात राहिली, आणि तिच्यापायीच पुढे या विषयावर मिळेल ते वाचण्याचा आम्हांला छंद जडला. त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला, तो आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण वसईच्या खाडीत घडलेले आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल.

वाळूचा स्वभाव

प्रथम वाळूचा स्वभाव समजून घेऊ. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात, तसे वाळूचे नसतात. वाळूचा प्रत्येक कण सुटा. त्याची ताकद म्हणजे शेजारच्या कणाशी होणारे घर्षण आणि त्याला चहूबाजूंनी मिळणारा दाब. कण जितके दाटीने बसलेले, तितकी वाळू बळकट. ही दाटी बदलता येते, आणि सारी गंमत याच गोष्टीत आहे.

आपल्या आयाबहिणी तांदळाचे माप भरताना ते दोनदा हलवितात. हलविले की दाणे खाली बसतात आणि मापात आणखी मूठभर तांदूळ मावतो. सैल वाळूचेही असेच आहे. तीत खांब ठोकला की दोन गोष्टी एकदम घडतात. खांबाने व्यापलेल्या जागेतील वाळू बाजूला ढकलली जाऊन शेजारची वाळू दाबली जाते. शिवाय घणाच्या हादऱ्याने कण अधिक दाट बसतात. म्हणजे ठोकलेला पाइल वाळूत नुसता उभा राहत नाही, तो स्वतःभोवतीची वाळू सुधारून घेतो. वाळू त्याला बाजूंनी घट्ट आवळते आणि त्याच्या टोकाखाली दाबून बसते.

आता दुसरी रीत पाहा. समुद्रकाठी मुले ओल्या वाळूत खड्डा खणतात. पाणी लागले की खड्ड्याच्या कडा आत ढासळू लागतात आणि तळ भुसभुशीत होतो. यंत्राने भोक पाडून, त्यात सळयांचा सांगाडा सोडून, काँक्रीट ओतून केलेल्या पाइलची हीच अडचण असते. भोक पाडताना वाळू बाहेर काढली जाते. त्यामुळे आजूबाजूच्या वाळूवरचा दाब कमी होऊन ती सैलावते. कडा ढासळू नयेत म्हणून भोकात लोखंडी नळी उतरवितात किंवा बेन्टोनाइट नावाच्या मातीचे दाट पाणी भरून ठेवितात. भोकातील पाण्याची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली गेली, अथवा खणण्याचे अवजार फार वेगाने वर ओढले, तर तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते. मग त्या सैल तळावर ओतलेला पाइल आपले पूर्ण बळ दाखविण्यापूर्वी बराच खचतो.

एवंच, तीच वाळू, तेवढ्याच जाडीचा व तेवढ्याच लांबीचा खांब, परंतु उतरविण्याची रीत निराळी, तर त्याचे वर्तनही निराळे. चिकणमातीतही रीतीचा परिणाम होतो. वाळूत तो फार ठळकपणे जाणवतो.

घणाची परंपरा

खांब ठोकण्याची विद्या फार जुनी आहे. आपल्या खाड्यांत डोल जाळ्यासाठी खुंट रोवणारे कोळी बांधव ती पिढ्यान् पिढ्या जाणतात. युरोपात व्हेनिस नगरी लाकडी खांबांवर उभी आहे. १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडण्यासाठी तेथे आरोग्यमातेचे जे भव्य मंदिर बांधले, त्याच्याखाली दहा लाखांहून अधिक खांब असल्याचे सांगतात. परंतु व्हेनिसची जमीन बहुतांशी गाळाची व चिकणमातीची. आपल्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण ॲमस्टरडॅमचे. तेथे वरचा पोचट थर भेदून खांबांची टोके खालच्या वाळूच्या थरात रुतवितात. १६४८ मध्ये सुरू झालेल्या तेथील नगरगृहाखाली, म्हणजे आजच्या राजवाड्याखाली, १३,६५९ खांब आहेत. डच मुलांना ही संख्या पाठ असते. वर्षाच्या ३६५ दिवसांच्या मागे एक आणि पुढे नऊ लिहिले की झाले.

त्या काळी किती खोल ठोकावे याचा निर्णय मिस्त्री घणाच्या ठोक्यावरून करी. ठोक्यागणिक खांब खाली जाईनासा झाला की पुरे. पुढे १८८८ च्या सुमारास वेलिंग्टन या अमेरिकन अभियंत्याने घणाचे वजन, उंची आणि शेवटच्या ठोक्यांना खांब किती उतरला, यांवरून त्याची वहनशक्ती काढण्याचे सोपे सूत्र दिले. ते जगभर चालले. पण ठोकणे म्हणजे हादरा, आणि भरसमुद्रात, सरकत्या रेतीवर, लाटांत हेलकावणाऱ्या तराफ्यावरून घण चालविणे कठीण. या अडचणीवरचा तोडगा एका अंध माणसाने काढला.

अंध अभियंत्याचे मळसूत्र

अलेक्झांडर मिचेल यांचा जन्म १७८० मध्ये डब्लिन येथे झाला. त्यांची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि वयाच्या विशीच्या आरंभी ते पूर्ण अंध झाले. बेलफास्टमध्ये त्यांनी विटांचा धंदा केला. यंत्रविद्येचा अभ्यास मात्र सोडला नाही. १८३३ मध्ये त्यांनी एका नव्या प्रकारच्या पायाचे पेटंट घेतले. लोखंडी खांबाच्या टोकाशी मळसूत्राची एक रुंद पाकळी बसवावयाची आणि खांब ठोकण्याऐवजी फिरवून रेतीत उतरवावयाचा, ही ती कल्पना. बुचात मळसूत्र शिरावे तसा हा खांब रेतीत शिरतो. खाली गेल्यावर त्याची रुंद पाकळी खालच्या वाळूवर बैठक धरते. आणि लाटांनी वर उचलू पाहिले, तर पाकळीवरची वाळू त्याला दाबून धरते.

१८३८ मध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळील मॅपलिन या रेतीच्या दांड्यावर असे नऊ खांब फिरवून बसविण्यात आले. त्यांच्या पाकळ्या चार फूट व्यासाच्या होत्या. वर दीपगृह चढविण्यापूर्वी हे खांब रेतीत टिकतात की नाही हे पाहण्यासाठी ते सुमारे दोन वर्षे तसेच ठेवले होते. ते टिकले, आणि १८४१ मध्ये तेथे दिवा लागला. दरम्यान १८४० मध्ये फ्लीटवूड येथे याच रीतीचे दुसरे दीपगृह उजळले होते. पुढे १८४८ मध्ये मिचेल यांनी आपला निबंध लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेविला आणि त्याबद्दल त्यांना टेलफर्ड पदक मिळाले. ज्याने स्वतः तो उजेड कधी पाहिला नाही, त्याच्या बुद्धीने अनेक खलाशांना वाट दाखविली.

मळसूत्री खांबाच्या यशाचे मर्म मात्र त्याच्या फिरण्यात आहे. एका फेऱ्यात मळसूत्राच्या आट्याइतका खांब खाली गेला पाहिजे. तसा गेला तर पाकळी वाळूला कापीत सरळ उतरते आणि आजूबाजूची वाळू फारशी विस्कटत नाही. पण खांब जागच्या जागी नुसता गरगर फिरू लागला, तर पाकळी ताकातल्या रवीसारखी वाळू घुसळते, आणि जिच्यावर विसंबावयाचे तीच वाळू सैल होते. म्हणून खांब कितीही चांगला ओतलेला असो, तो उतरविणाऱ्याच्या हातात त्याचे अर्धे आयुष्य असते. आजही मळसूत्री पाइल उतरविताना फिरविण्यास किती जोर लागतो याची सतत नोंद ठेवतात, आणि त्या जोरावरून वहनशक्तीचा अंदाज बांधतात.

वसईची खाडी, १८६४

बॉम्बे, बडोदा आणि सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. तिच्यापुढचा प्रश्न दुसऱ्या कंपनीहून वेगळा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला सह्याद्री चढावयाचा होता. तिचे पूल दगडी, त्यांचे पाय खडकावर. थळ घाट ओलांडून तिची गाडी १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीला पोहोचली आणि आपल्या नाशिक जिल्ह्याचे दार उघडले. या दुसऱ्या कंपनीला मात्र किनाऱ्याने उत्तरेस जावयाचे होते आणि वाटेत होत्या नर्मदा, तापी, वैतरणा आणि वसईची खाडी. खाली गाळ आणि रेती. खडक असलाच तर फार खोल.

कंपनीचे सल्लागार अभियंता लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी हेही मिचेल यांच्यासारखे आयर्लंडचेच. त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला: प्रत्येक नदीसाठी निराळा पूल न आखता सर्वत्र एकच नमुना वापरावयाचा. साठ फुटांचे गाळे, त्यांवर त्रिकोणी जाळीचे लोखंडी गर्डर, आणि खाली ओतीव लोखंडाचे अडीच फूट व्यासाचे पोकळ खांब, ज्यांच्या तळाशी मिचेल यांचे मळसूत्र. खांबाचे तुकडे इंग्लंडात ओतून जहाजाने आणावयाचे आणि येथे एकावर एक बोल्टांनी जोडीत उतरवावयाचे. एका पुलाचा तुकडा दुसऱ्या पुलाला चालावा, अशी ही योजना होती.

हे खांब फिरविण्यासाठी त्यांच्या डोक्यावर चक्र बसवीत, त्याला लांब दांड्या लावीत आणि त्या दांड्यांना बैल जुंपीत. तेलाच्या घाण्याभोवती बैल फिरावा तशी ही फेरी. घाण्यातून तेल निघे. येथे खांब वीतवीत खाली जाई. इंग्लंडात मळसूत्र माणसांनी फिरविले, येथे ते काम बैलांवर आले. भरती-ओहोटीची वेळ सांभाळून हे काम करणाऱ्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. परंतु फेऱ्यागणिक खांब खाली जातो आहे की नुसताच फिरतो आहे, हे प्रथम ज्यांच्या ध्यानात येत असेल, ते हेच लोक.

कंपनीचा अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा १० फेब्रुवारी १८६० रोजी खुला झाला होता. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी वसईची खाडी ओलांडून गाडी मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गेली. म्हणजे अवघ्या चौतीस दिवसांच्या अंतराने मुंबई एका बाजूने खडकावरून इगतपुरीला आणि दुसऱ्या बाजूने रेतीतील मळसूत्रांवरून गुजरातला जोडली गेली. वसईच्या आपल्या पूर्वजांना, ज्यांची केळी, भाजी आणि फुले तोवर पडावांतून जात, मुंबई एकाएकी जवळ आली. १८६७ पासून विरारहून मुंबईस रोजची गाडी धावू लागली. नोकरीनिमित्त शहरात जाऊन संध्याकाळी आपल्या अंगणात परतणारा वसईकर ज्या पुलामुळे घडला, त्या पुलाचा पाया एका अंध माणसाच्या कल्पनेवर आधारलेला होता. पुढे वाढत्या वजनाच्या गाड्यांसाठी ते जुने पूल बदलले गेले. आज पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांनी खाडी ओलांडणारे पूल त्यांचे वारसदार आहेत.

नर्मदेने शिकविलेला धडा

खाडीत जे साधले ते नर्मदेत साधले नाही. भरूचजवळ त्याच नमुन्याचा पूल १८६० च्या दशकात उभा राहिला, आणि पुरामागून पूर त्याचे गाळे मोडीत गेले. दुरुस्ती होई, पुन्हा पूर येई. १८७६ च्या पुराने पुलाचा मोठा भाग वाहून नेला. अखेर ७ डिसेंबर १८७७ रोजी सर जॉन हॉकशॉ यांच्या आराखड्यानुसार नव्या पुलाचे काम सुरू झाले आणि १६ मे १८८१ रोजी ते पुरे झाले. या पुलाला सुमारे ४५ लाख ६५ हजार रुपये लागले. आधीची बांधणी, मोडतोड व दुरुस्त्या धरता एकंदर खर्च ८५ लाखांच्या पुढे गेला. एवढ्या पैशात सोन्याचा पूल झाला असता, असे लोक म्हणू लागले आणि त्याचे नाव ‘गोल्डन ब्रिज’ पडले.

चूक कोठे झाली? मळसूत्र मोडके नव्हते, लोखंडही हिणकस नव्हते. वाळूचा दुसरा स्वभाव लक्षात घेतला गेला नव्हता. उन्हाळ्यात स्थिर दिसणारा नदीचा तळ पुरात स्थिर राहत नाही. वेगाने धावणारे पाणी वाळू उचलून नेते. विशेषतः खांबाला आपटून जेथे भोवरा होतो, तेथे खोल खळगा पडतो. पूर ओसरला की नवी वाळू येऊन तो खळगा बुजतो आणि पाहणाऱ्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. ज्या वाळूने खांबाला बाजूंनी धरावयाचे, ती ऐन संकटाच्या रात्री जागेवरच नसते. बारीक खांब अशा वेळी उघडे पडून डुलू लागतात, आणि पाण्यासोबत वाहून आलेली झाडे त्यांवर आदळतात.

यावर आपल्या देशात एक जुनी रीत होती, ती विहिरीच्या पायाची. नदीत विटांची गोल विहीर बांधावयाची आणि आतील वाळू उपसून काढावयाची. म्हणजे विहीर स्वतःच्या वजनाने खाली उतरते. वर आणखी बांधकाम चढवावयाचे, आणखी उपसावयाचे. रुडकीजवळ १८५४ मध्ये पुऱ्या झालेल्या गंगेच्या कालव्याचा सोलानी नदीवरील प्रचंड जलसेतू याच देशी विद्येवर उभा आहे. विहीर जाड, जड आणि खोल असल्यामुळे पुरात वाळू गेली तरी ती तग धरते. पुढे १९३० च्या सुमारास जेराल्ड लेसी यांनी पुरात तळ किती खोल खणला जाईल हे काढण्याचे सूत्र दिले. आजही आपल्याकडे पुलाचा पाया त्या खोलीच्याही एक तृतीयांश अधिक खाली नेण्याचा दंडक आहे. नर्मदेत वाहून गेलेल्या गाळ्यांनी हा दंडक किती आवश्यक आहे ते आधीच दाखवून दिले होते.

अनुभवाचे शास्त्र झाले

विसाव्या शतकात कार्ल टर्झागी यांच्या १९२५ च्या ग्रंथापासून मातीचे शास्त्र रीतसर आकारास आले, आणि मिस्त्रींना हाताने ठाऊक असलेल्या गोष्टी मोजल्या जाऊ लागल्या. १९६४ मध्ये कॅनडातील रॉबिन्स्की आणि मॉरिसन या संशोधकांनी वाळूने भरलेल्या पेटीत लहान खांब दाबून क्ष-किरणांच्या साहाय्याने आत काय घडते ते पाहिले. टोकाखालची वाळू दाबली जाऊन बाजूला सरकते, हे अपेक्षितच होते. परंतु खांबाला अगदी चिकटलेली वाळू त्याच्याबरोबर खाली ओढली जाऊन थोडी सैलावते, हेही दिसले. म्हणजे ठोकण्याची रीतही निर्दोष नाही.

आपल्या देशातील पाइलविषयीच्या भारतीय मानकात, क्रमांक २९११ मध्ये, काँक्रीटच्या पाइलचे भागच मुळी उतरविण्याच्या रीतीवरून पाडलेले आहेत: ठोकून जागेवर ओतलेले, भोक पाडून ओतलेले, आधी घडवून ठोकलेले, आणि आधी घडवून पाडलेल्या भोकात उतरविलेले. वाळू पाइलला बाजूने किती आवळते याचा गुणांक ठोकलेल्या पाइलसाठी १ ते २ धरतात. भोक पाडून ओतलेल्यासाठी १ ते १.५ एवढाच. टोकाखालच्या आधाराबाबत तर फरक याहूनही मोठा; सारखी खच धरली, तर भोक पाडलेल्या पाइलला ठोकलेल्याच्या निम्माच, कधी त्याहूनही कमी आधार मिळतो.

ठोकण्याचेही नियम आहेत. पाइलचा समूह असेल तर मधून आरंभ करून बाहेर जावे. बाहेरून आत आले तर मधली वाळू इतकी आवळली जाते की शेवटचे पाइल उतरतच नाहीत. घट्ट वाळूत काही वेळा टोकाशी पाण्याचा जोराचा झोत सोडून वाट मोकळी करतात. पण तो झोत वाळू सैल करतो, म्हणून शेवटचे काही फूट झोत बंद करून ठोकावे लागतात. आणि काळाचाही परिणाम होतो. फ्रान्समधील डंकर्क येथे घट्ट वाळूत ठोकलेल्या लोखंडी नळ्यांची परीक्षा सहा महिन्यांनी व पुन्हा पाच वर्षांनी घेतली, तेव्हा बाजूच्या घर्षणाची शक्ती सुमारे ८५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. घणाने विस्कटलेले कण हळूहळू आपली जागा शोधतात.

आपल्या नाशिकमध्येही या विद्येचे एक घर आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणांसाठी व बांधकामांसाठी मातीची आणि साहित्याची परीक्षा होते. दिंडोरी रस्त्याने जाताना त्या इमारतीकडे आपले लक्षही जात नाही.

पुन्हा त्या कुंपणापाशी

आता आमच्या शाळेकडे वळतो. भिंतीला चीर गेल्यावर आम्ही काम थांबविले आणि दुसऱ्या एका अनुभवी अभियंत्यांना बोलाविले. त्यांनी वाळूचा नमुना हातात घेऊन जे सांगितले, ते आज वाचकांना सहज उमगेल. घणाच्या हादऱ्यांनी आमच्या पाइलखालची सैल वाळू दाट होत होती, हे शाळेच्या हिताचेच होते. परंतु हादरा कुंपण ओळखीत नाही. त्या भगिनीच्या घराखालची वाळूही तशीच दाट होत होती, म्हणजेच खाली बसत होती, आणि तिच्यासोबत भिंतीचा एक कोपरा खचला होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच होते. वाळू तीच होती.

कुंपणाच्या बाजूचे उरलेले पाइल मग लोखंडी नळी उतरवून, भोक पाडून ओतले गेले. ते प्रत्येकी कमी भार घेणार, म्हणून त्यांची संख्या वाढवावी लागली. खर्च वाढला. धर्मग्राम समितीच्या बैठकीत साहजिकच प्रश्न निघाला की भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे शाळेच्या निधीतून का द्यावेत. कागदोपत्री आमच्यावर बंधन नव्हते. परंतु निधी ज्या घरांतून जमला होता, त्यांत त्या घराचीही वर्गणी होती. एका वृद्ध शेतकरी सभासदांनी हे लक्षात आणून दिले आणि पुढे कोणी काही बोलले नाही. भिंत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त झाली.

आज किनाऱ्यावरील गावांत मोठमोठ्या इमारती उठत आहेत. जुन्या घरांची माणसे आमच्याकडे येऊन विचारतात की शेजारी यंत्र लागले आहे, काय करावे. आम्ही अभियंते नव्हे. परंतु अनुभवाने एवढे सांगू शकतो. काम सुरू होण्यापूर्वी जमिनीची परीक्षा झाली आहे का, ते विचारावे. पाइल कोणत्या रीतीने उतरविणार आणि ती रीत का निवडली, ते विचारावे. ठोकणार असतील तर आपल्या घराच्या भिंतींची, असलेल्या चिरांसह, छायाचित्रे तारखेनिशी आधीच काढून ठेवावीत. भोक पाडणार असतील तर कडा ढासळू नयेत म्हणून काय करणार, ते विचारावे. आणि एखाद्या पाइलवर प्रत्यक्ष भार ठेवून परीक्षा घेणार की नाही, हेही विचारावे. कारण वाळूतल्या पाइलविषयीचे कोणतेही गणित अशा परीक्षेवाचून अपुरेच राहते.

आणखी एक गोष्ट. वैतरणेच्या रेल्वेपुलांजवळ होणाऱ्या रेतीउपशाबद्दल रेल्वेने गेल्या काही वर्षांत वेळोवेळी चिंता व्यक्त केली आहे. नर्मदेत जे काम पुराने केले, ते येथे माणूस आपल्या हाताने, रात्रीच्या अंधारात करीत असतो. ज्या वाळूला पाइल टेकून आहे, ती वाळू कोणाच्या तरी ट्रकमधून जाते आणि कोठल्यातरी नव्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये मिसळते. त्या इमारतीत राहावयास येणारी कुटुंबे सकाळी त्याच पुलावरून कामाला जातात.

त्या वृद्ध भगिनी आता हयात नाहीत. मध्यंतरी त्या गावी जाण्याचा योग आला, तेव्हा शाळा सुटण्याची वेळ होती. मुले कुंपणाच्या कडेने घरी चालली होती. दुरुस्त केलेल्या भिंतीचा रंग बाकीच्या भिंतीहून थोडा वेगळा दिसतो, एवढेच. आम्ही जवळ जाऊन पाहिले. चीर पुन्हा उघडलेली नाही.